मुका खांब

तुरुंगाच्या पत्रखात्यात बसणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे भिंगराव म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. तोंडावर कुणी काही म्हणतच नसे, कारण भिंगरावांशी बोलायला गेलेला माणूस थोड्याच वेळात स्वतःवरच संशय घेत बाहेर पडायचा.

त्यांची खोली लांबट आणि अरुंद होती. एकच खिडकी, ती आतल्या अंगणावर उघडणारी. टेबलावर दोन लाकडी खोकी, एक येणाऱ्या पत्रांचं आणि एक जाणाऱ्या. मध्ये जांभळ्या शाईची गादी आणि ‘तपासले’ असा, खाली तारीख उमटवणारा शिक्का. आणि पितळी मुठीचं ते भिंग. भिंगाला एक दोरी होती आणि दोरीचं दुसरं टोक टेबलाच्या पायाला बांधलेलं होतं. शेजारच्या खोलीतला कारकून एकदा ते बोटातला काटा काढायला घेऊन गेला होता, तेव्हापासून ही व्यवस्था.

आलेलं पाकीट ते आधी हातात तोलत. मग नाकाशी नेत. मग खिडकीच्या उजेडात धरत. कागद जाड वाटला तर चहाच्या किटलीवर शेकून बघत, लिंबाच्या रसानं काही लिहिलंय का म्हणून. हे सगळं झालं की मग वाचत, तेही दोनदा. एकदा सरळ आणि एकदा मनात काळंबेरं धरून.

घरीही तेच. दुधात बोट बुडवून बघायचं. धुऊन आलेला शर्ट उजेडात धरायचा. बायको ‘काही नाही’ म्हणाली की ते ‘काही नाही’ उलटंपालटं करून बघायचं.

“अहो, लग्नाला तीस वर्षं होतील,” बायको म्हणायची, “माझ्यावर एकदाचा तो शिक्का मारून टाका की.”

“तपास चालू आहे,” भिंगराव म्हणत. आणि ही थट्टा होती की नाही ते तिलाही कधी कळलं नाही.

माणूस जन्मतः असा नसतो. देव कुणाला संशय बांधून पाठवत नाही, तो इथंच कुठेतरी चिकटतो. भिंगरावांना तो नोकरीच्या दुसऱ्या वर्षी चिकटला. एक पत्र आलं होतं, ‘काकांची तब्येत आता बरी आहे, गुरुवारी येतील.’ भिंगरावांनी कौतुकानं शिक्का मारला. गुरुवारी काका आले ते मालमोटार घेऊन, मागच्या भिंतीशी, आणि एका कैद्याला घेऊन गेले. कैदी आठवड्यात सापडला, पण भिंगरावांच्या सेवापुस्तकात लाल शाईनं शेरा पडला, ‘निष्काळजी’. तो एक शब्द त्यांनी आयुष्यभर अंगावर वागवला. त्यानंतर त्या तुरुंगात एकाही कैद्याच्या काकांची तब्येत चौकशीशिवाय बरी झाली नाही.

अशा माणसाच्या टेबलावर बटणवाल्या मावशींची पत्रं येऊ लागली.

मावशींचं बाजारात बटणं, दोरे आणि सुयांचं लहानसं दुकान होतं. ज्या कैद्यांना घरून कुणी लिहीत नाही अशांना त्या पत्रं लिहायच्या, स्वतःहून. महिला विभागातल्या एका बाईला गेले आठ महिने दर आठवड्याला त्यांचं पत्र येत होतं. खाली सही, ‘तुझी पत्रातली मावशी’. त्या बाईला बराकीत घुमी म्हणत, कारण ती बोलायचीच नाही. एका भांडणात तिनं हात उचलला होता, समोरचा माणूस पडला तो पुन्हा उठला नाही. सात वर्षांची शिक्षा, त्यातली दोन झालेली. नऊ वर्षांची लेक भावाकडे, वहिनी सांभाळत होती.

पत्रांत असायचं तरी काय? ‘आज दुकानात एक आजोबा आले, कोटाचं एक बटण हरवलं म्हणून सगळी बटणं बदलून घेतली, म्हणाले एकट्या नव्याला परकं वाटेल.’ ‘सकाळी उठल्यावर दोन मिनिटं देवाचं नाव घे, नाही जमलं तर नुसती गप्प बस, तेही त्याला चालतं.’ ‘जेवतेस ना नीट?’

भिंगराव वाचत आणि त्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकायची. नात्याची नाही, गोत्याची नाही, वकील नाही. मग ही बाई फुकट शाई का घालवते? आठ महिन्यांत एकही पत्र पकडण्यासारखं निघालं नाही, आणि हेच त्यांना सगळ्यात जास्त खटकत होतं.

मग त्यांची अक्कलदाढ दुखायला लागली. दाढ काढून ते दोन दिवस रजेवर घरी पडले आणि त्यांच्या जागी शेजारचा, तोच काटेवाला कारकून बसला. त्यानं दोन दिवसांची पत्रं दोन तासांत तपासून टाकली, त्यातच मावशींचंही एक आत गेलं. तिसऱ्या दिवशी गाल सुजलेले भिंगराव खुर्चीवर बसले, तेव्हा जाणाऱ्या खोक्यात वरच घुमीचं पत्र होतं. मावशींना लिहिलेलं, चारच ओळींचं.

‘सांगितल्याप्रमाणे ८६ साखळ्या झाल्या. त्यावर तीन ओळी मु. खां. झाले. अजून कुणाला काही बोलले नाही. पुढे काय करायचं ते लवकर कळवा.’

भिंगरावांच्या सुजलेल्या गालातून कळ गेली.

आता क्रोशाची सुई जिनं एकदा तरी हातात धरली आहे, ती कुठलीही बाई हे वाचून हसेल. साखळी म्हणजे दोऱ्याची साखळी, विणकामाचा पहिला टाका. खांब म्हणजे उभा टाका. आणि मु. खां. म्हणजे मुका खांब, सगळ्यात बुटका टाका, जो उभा राहिला तरी वर दिसत नाही. घुमी आपल्या लेकीच्या फ्रॉकसाठी कॉलर विणत होती. महिला विभागात हस्तकलेचा वर्ग होता, प्लॅस्टिकच्या सुया मोजून मिळायच्या आणि मोजून परत घेतल्या जायच्या. पण भिंगरावांनी सुई हातात धरली नव्हती आणि महिला विभागात पाऊल ठेवलं नव्हतं. त्यांच्या घरी जेवणाच्या टेबलावर बायकोनं विणलेला क्रोशाचा रुमाल पसरलेला होता. तीस वर्षं ते त्यावर पाण्याचा पेला ठेवत होते. त्याच्याकडे मात्र त्यांनी कधी भिंग नेलं नव्हतं.

त्यांनी त्या चार ओळी उतरवून घेतल्या आणि पत्र मुद्दाम जाऊ दिलं. जाळं टाकल्याशिवाय मासा कसा येणार! पाच दिवसांनी मावशींचं उत्तर आलं. भिंगरावांनी दाराला कडी घातली.

‘शाबास पोरी! आता नीट लक्ष दे. उलट फिर. ३ सा. वर चढ. २ सोड, ३ऱ्या मु. खां. मध्ये घुस, तिथेच ५ खां. परत २ सोड, मग १ मु. खां. टोक गाठेपर्यंत हेच. घाई नको, पण मुलाखतीच्या दिवसाआधी पार पडलं पाहिजे. चुकलीस तर घाबरू नकोस, मागे ये आणि पुन्हा निघ. देवाचं नाव घे. दार उघडेल.’

भिंगराव उठले ते थेट महिला विभागाच्या मागच्या कुंपणापाशी गेले. तिथं लोखंडी खांब होते आणि खांबांतून साखळी ओवलेली. सा. म्हणजे साखळी, हे लिहिलेलंच होतं. मु. खां. म्हणजे उघडच मुख्य खांब, ज्यावर भोंगा बसवला आहे तो. त्यांनी तिथून मोजायला सुरुवात केली. दोन सोडले. तिसऱ्या खांबाला हात लावला.

खांब हलला.

त्यांनी पुन्हा हलवला. खालचं सिमेंट भुगा झालं होतं, खांब दुधाच्या दातासारखा डुगडुगत होता.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. साहेब म्हणजे तुरुंगाचे अधिकारी, एकाच वेळी तीन कागदांवर सह्या करणारे.

“खांब हलतो?”

“हलतो साहेब. स्वतः हलवून बघितला.”

“मग खांब बसवून घ्या. आणि पत्रं अडवा, चौकशी करा. त्या बाईला आत्ताच काही कळू देऊ नका. बेत असेल तर पुरा कळला पाहिजे.”

तसं झालं. पत्र नोंदवहीत ‘अडवले’ म्हणून चढलं आणि खणात गेलं. पुढच्या आठवड्यात दुसरं आलं, ‘अडलीस का कुठे? न कळवता थांबू नकोस.’ तेही खणात. मग तिसरं. ‘तुझं उत्तर नाही. माझ्यावर रागावलीस का? ते अर्धं राहिलं तरी चालेल गं, पण शनिवारी माघार घेऊ नकोस. दार उघडलं की मागे न बघता पुढे हो.’

‘शनिवार’ या शब्दाखाली भिंगरावांनी पेन्सिलीनं रेघ मारली. मुलाखतीचा दिवस! काकांचा गुरुवार त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहिला.

आता तो शनिवार काय होता ते सांगितलं पाहिजे. घुमीनं आत आल्या दिवशीच लिहून दिलं होतं की मला कुणालाही भेटायचं नाही. लेकीनं आपल्याला या कपड्यांत बघावं हे तिला सोसवत नव्हतं. लेक दोन वर्षं मामीकडे हट्ट करत होती. मावशींनी आठ महिने हळूहळू तिचं मन वळवलं होतं. ‘रिकाम्या हातांनी भेटायला लाज वाटते ना? मग हातात काहीतरी घेऊन भेट. तिच्यासाठी तू केलेलं काहीतरी.’ म्हणून ती कॉलर. आणि कॉलरच्या भरवशावर घुमीनं पहिल्यांदा मुलाखतीच्या यादीत नाव घातलं होतं. रिकाम्या हातांचं ते पत्र भिंगरावांनीच पूर्वी तपासून पुढे पाठवलं होतं. पण ते वाचताना त्यांचं लक्ष कागदाच्या जाडीकडे होतं.

बुधवारी दुपारी महिला विभागाच्या पहारेकरीण बाई पत्रखोलीत आल्या. अंगानं भक्कम, बोलायला फटकळ.

“काय हो, त्या घुमीच्या मावशीचं पत्र आलं नाही का?”

“का विचारताय?” भिंगरावांनी कान टवकारले.

“अहो, का म्हणजे! तीन आठवडे झाले. बाई जेवत नाही धड. म्हणते, मावशीलाही माझा कंटाळा आला. हातातलं काम टाकून दिलं तिनं.”

“कसलं काम?”

“बायकांचं काम हो. तुम्हाला सांगून काय कळणार, डोंबल?” बाईंनी टेबलावर एक कागद ठेवला. “हा घ्या तिचा अर्ज. शनिवारच्या यादीतून नाव काढा म्हणते. पोरीला कळवा, येऊ नको. उद्या-परवात कागद पुढे गेला की संपलं. मी तिला म्हटलं, बाई गं, एकदा नाही म्हटलंस तर ती पोर पुन्हा विचारायची नाही.”

भिंगरावांनी अर्ज वाचला. आणि त्यांना जे दिसायचं तेच दिसलं: बेत फसला, म्हणून माघार.

“बाईसाहेब, तुम्ही फार भोळ्या आहात,” ते म्हणाले.

“आणि तुम्ही तुमच्या सावलीला पण ओळखपत्र विचाराल!” असं म्हणून बाई निघून गेल्या.

यादी शुक्रवारी दुपारी बारा वाजता बंद व्हायची. त्याआधी मुळापर्यंत जायचं असं भिंगरावांनी ठरवलं. गुरुवारी त्यांनी गणवेशाचा कोट घरी ठेवला, बटण तुटलेला जुना कोट चढवला आणि बटणवाल्या मावशींच्या दुकानात गिऱ्हाईक बनून गेले.

दुकान कपाटाएवढंच होतं. भिंतीवर वरपासून खालपर्यंत काचेच्या बरण्या आणि बरण्यांत रंगवार बटणं. मावशी गल्ल्यामागे उंच स्टुलावर बसलेल्या, नाकावर चष्मा, केस पांढरे. पुढे बाकावर दोन मुली मान खाली घालून काहीतरी करत होत्या.

“या. काय हवंय?”

“बटण,” भिंगराव म्हणाले.

“ते दिसतंच आहे. कसलं?”

कसलं हा विचार त्यांनी केलाच नव्हता. “काळं. नको, तपकिरी. तुम्ही दाखवा, मी बघतो.”

मावशींनी एक बरणी पुढे सरकवली आणि त्या मुलींकडे वळल्या. भिंगराव बटणं चिवडत राहिले, कान मात्र तिकडे.

“मावशी, माझं वाकडंच येतंय.”

“बघू. अगं, घाई करतेस. तीन साखळ्या वर चढलीस? मग दोन सोड. तिसऱ्या मुक्या खांबात घुस. हां, तिथेच पाच खांब. आता परत दोन सोड.”

भिंगरावांच्या हातातून बटणं सांडली. ती टणाटण उड्या मारत बाकाखाली गेली.

“काय म्हणालात?” त्यांनी वळून विचारलं.

“तुम्हाला नाही हो, हिला. शिंपला विणतेय.” मावशींनी मुलीच्या हातातली कॉलर उचलून दाखवली. पांढऱ्या दोऱ्याची, कडेला अर्धगोल शिंपल्यांची रांग. “हा मुका खांब, हा खांब, ही साखळी. तुमच्या घरी नाही का कुणी विणत?”

भिंगराव बघत राहिले. पाच उभे दोरे, पंख्यासारखे पसरलेले. हा पंखा त्यांनी पाहिला होता. रोज सकाळी आणि रोज संध्याकाळी, पाण्याच्या पेल्याखाली.

“आमच्या टेबलावर आहे हे,” ते पुटपुटले.

मावशींनी चष्मा कपाळावर चढवला आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग त्यांच्या हाताकडे.

“तुमच्या बोटाला जांभळी शाई आहे,” त्या सावकाश म्हणाल्या. “माझ्या पोरीच्या प्रत्येक पत्रावर असते ती. मुलींनो, आज एवढंच. जा घरी.”

मुली गेल्या. मावशींनी दार लोटलं नाही, खुर्चीही दिली नाही.

“माझी पत्रं कुठं आहेत?”

“खणात.”

“किती?”

“तिन्ही.”

“का?”

भिंगरावांनी सांगितलं. मुख्य खांब, भोंगा, डुगडुगणारा तिसरा खांब, सगळं. सांगता सांगता त्यांचं त्यांनाच ते ऐकू येत होतं. मावशींना हसू येईल असं त्यांना वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत.

“ती काय समजली असेल हो?” एवढंच त्या म्हणाल्या.

“मला एक सांगा,” भिंगराव तरीही म्हणाले, कारण सवय काही दाढेसारखी उपटून निघत नाही. “तुमचं तिच्याशी नातं काय? तुम्हाला यातून काय मिळतं?”

मावशी खाली वाकून बटणं गोळा करू लागल्या.

“माझा धाकटा भाऊ दोन वर्षं आत होता. तुमच्या इथं नाही, दुसरीकडे. घरात कुणी लिहिलं नाही. मी रोज म्हणायचे, उद्या लिहीन. सुटून आला तेव्हा कुणाला काही बोलला नाही. फक्त मला विचारलं, ताई, आपली पत्रपेटी बिघडली होती का गं?” त्यांनी बटणं बरणीत ओतली. “तेव्हापासून लिहिते. झाली चौकशी? मग आता ती पत्रं तिच्या हातात द्या. आणि तुमच्या कोटाला तपकिरी नाही, राखी बटण लागेल.”

शुक्रवारी सकाळी भिंगराव सगळ्यांच्या आधी कामावर आले. नोंदवही उघडली. तीन ठिकाणी ‘अडवले’ लिहिलं होतं, त्यांच्याच वळणदार अक्षरात. ते खोडून ‘तपासले’ लिहायचं तर कारण लिहावं लागतं. कारणाच्या रकान्यात ‘गैरसमज’ असं लिहून भागलं असतं. भिंगरावांनी बराच वेळ लेखणी धरून ठेवली. लाल शाईचा तो जुना शब्द त्यांना आठवला. एवढी वर्षं जपून चाललो, आणि आता निवृत्तीच्या तोंडावर स्वतःच्या हातानं दुसरा शेरा ओढवून घ्यायचा? मग त्यांनी लिहिलं, ‘विणकामाची पत्रे. तपासणाऱ्याची चूक.’ आणि वही घेऊन साहेबांकडे गेले.

साहेबांनी वाचलं. सह्या करणारा हात पहिल्यांदा थांबला.

“विणकाम?”

“कॉलर, साहेब.”

“आणि खांब?”

“तो खरंच हलत होता.”

साहेबांनी रुमालानं तोंड झाकलं. मग गंभीर होऊन म्हणाले, “शेरा द्यावा लागेल.”

“द्या साहेब. पण आधी पत्रं आत न्यायची परवानगी द्या. यादी बाराला बंद होते.”

भिंगरावांनी परत दिलेला अर्ज हातात घेऊन पहारेकरीण बाई पुढे आणि भिंगराव मागे, असे ते महिला विभागात शिरले. हस्तकलेच्या वर्गात आठ-दहा बायका बसल्या होत्या. एक भिंतीकडे तोंड करून, हात मांडीवर, रिकामे. बाईंनी तिला गजाच्या दाराशी बोलावलं.

“तुमची पत्रं,” भिंगराव म्हणाले. “उशीर झाला. माझ्यामुळे.”

घुमीनं पाकिटं घेतली. उलटून शिक्के बघितले.

“तिन्हींवर आजची तारीख आहे,” ती म्हणाली. तिचा आवाज भिंगरावांनी पहिल्यांदा ऐकला, आठ महिने तिची अक्षरं वाचूनसुद्धा. “आज एकदम तीन? कुणी लिहिलीत ही?”

“मावशींनीच.”

“मावशी तीन आठवडे गप्प होती. मी नाव काढायचा अर्ज दिला आणि लगेच पत्रं उगवली. बाईंनी तुम्हाला सांगितलं असेल, समजूत काढा म्हणून.” तिनं पाकिटं गजातून परत पुढे केली. “अक्षर काय, बघून कुणीही काढेल. मला खोटी नकोत.”

आयुष्यभर दुसऱ्याचं पत्र उजेडात धरणाऱ्या माणसाकडे त्या क्षणी काही पुरावा नव्हता. भिंगरावांनी खिसे चाचपले. चष्मा काढला, पुसला, घातला. मग तोंड उघडलं.

“उलट फिर,” ते म्हणाले. “तीन साखळ्या वर चढ. दोन सोड, तिसऱ्या मुक्या खांबात घुस, तिथेच पाच खांब. परत दोन सोड, मग एक मुका खांब. टोक गाठेपर्यंत हेच. चुकलीस तर घाबरू नकोस, मागे ये आणि पुन्हा निघ.”

घुमी त्यांच्याकडे बघत राहिली.

“हे तुम्हाला कसं पाठ?”

“पन्नास वेळा वाचलं. मला वाटलं, तुम्ही कुंपण ओलांडणार.”

आधी एक म्हातारी खोकल्यासारखी फिसकन हसली. मग दुसरी. मग सगळा वर्ग. पहारेकरीण बाईंनी भिंतीला टेकून पोट धरलं. घुमी हसली नाही, पण तिनं हात मागे घेतला आणि पहिलं पाकीट उघडलं. वाचता वाचता ती खाली बसली. तिसरं वाचून झाल्यावर तिनं ते घडी करून छातीशी धरलं.

“अकरा वाजलेत,” बाई म्हणाल्या. “अर्जाचं काय करू?”

घुमीनं टोपलीतून अर्धवट कॉलर काढली, सुई मागून घेतली आणि पहिला टाका घालायला गेली. दोरा निसटला, पुन्हा निसटला.

“कागद बघू का दोरा बघू?” ती चिडून म्हणाली. “डोळ्यांना दिसत नाहीये मला.”

“तुम्ही दोरा बघा,” भिंगराव म्हणाले. “मी सांगतो.”

आणि गजाबाहेर उभं राहून, टोपी काखेत धरून, ते सांगू लागले. तीन साखळ्या वर. दोन सोड. तिसऱ्यात पाच. त्यांचा आवाज हुकूम वाचावा तसा खडा होता, पण पहिला शिंपला उमटला तशी बायकांनी मान डोलावली. दुसरा, तिसरा. म्हातारी शेजारणीला म्हणाली, “बघ गं, मुका खांब बोलायला लागला.” ते नाव तेव्हापासून भिंगरावांना चिकटलं आणि भिंग मागे पडलं.

बाराला पाच कमी असताना घुमीनं मान वर न करता म्हटलं, “बाई, फाडा तो कागद.”

शनिवारी मुलाखतीला लेक आली. मामी बाहेर बाकावर बसली, तिनं पोरीला एकटीलाच आत पाठवलं. आत काय बोलणं झालं ते भिंगरावांना ऐकू येण्यासारखं नव्हतं आणि त्यांनी कान लावलाही नाही. पण आतून बाहेर जाणारी प्रत्येक वस्तू तपासून सोडायची असा नियम होता. पोर टेबलाशी आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते आणि गळ्यात कॉलर होती, फ्रॉकवर नुसती घातलेली, अजून न शिवलेली.

“ती द्यावी लागेल, बाळ. बघून देतो.”

“परत द्याल ना?” पोरीनं कॉलर मुठीत घट्ट धरली.

“देतो.”

“आईनं सांगितलंय, कुणाला देऊ नको.”

“आई बरोबर सांगते. तू इथंच उभी राहा, माझ्या हातावर लक्ष ठेव.”

पोरीनं खरंच लक्ष ठेवलं, पापणी न लववता. भिंगरावांनी दोरीला बांधलेलं भिंग ओढून घेतलं आणि कॉलर एका टोकापासून बघायला सुरुवात केली. चौदा शिंपले. एकेका शिंपल्यात पाच खांब. नवव्यापाशी ते थांबले. पुन्हा मोजलं. सहा. त्यांना आठवलं, बारा वाजायची भीती वाटून आपली जीभ घसरली होती आणि पाचाऐवजी सहा निघालं होतं. तिनं बिनतक्रार सहा घातले होते.

“काय सापडलं?” पोरीनं विचारलं.

“काही नाही,” भिंगराव म्हणाले आणि कॉलर परत तिच्या गळ्यात घातली. “तपासलं.”

सेवापुस्तकात दुसरा शेरा पडला, आणि त्याच पानावर खाली साहेबांनी ‘कुंपणाचा धोकादायक खांब निदर्शनास आणला’ अशी शाबासकीही लिहिली. घुमीच्या लेकीची दुसरी मुलाखत पुढच्या महिन्यात लागली. तेव्हा तिनं आईला विचारलं म्हणे, की एका शिंपल्याचं पोट मोठं का? आईनं सांगितलं की तो तपासणाऱ्या काकांचा आहे.

त्या शनिवारी संध्याकाळी भिंगराव घरी आले, हातपाय धुऊन टेबलाशी बसले. पाण्याचा पेला उचलून बाजूला ठेवला आणि खालचा रुमाल बोटांनी सपाट केला.

“अगं,” त्यांनी स्वयंपाकघरात हाक मारली, “हे शिंपले तू केव्हा विणलेस?”

आत भांड्यांचा आवाज थांबला. बायको हात पुसत दारात आली. तीस वर्षांत पहिल्यांदाच हा प्रश्न आला होता. तिनं आधी नवऱ्याकडे बघितलं, मग रुमालाकडे, मग पुन्हा नवऱ्याकडे, आणि डोळे बारीक केले.

“का हो?” ती म्हणाली. “काय लपवताय?”